स्कॉटिश क्लॅनमधलं मूळ कसं शोधायचं: आजेसासूबाईंच्या डब्यापासून हॅरिस बेटापर्यंत

लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या गावी, म्हणजे कॅनडातल्या केप ब्रेटनला गेले तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये एक म्हातारी बाई काठी टेकत आमच्याजवळ आली आणि नाव वगैरे काही न विचारता थेट नवऱ्याला म्हणाली, "को लेश हू?" गॅलिक भाषा, मला ओ की ठो कळेना. सासऱ्यांनी मागून सांगितलं, ती विचारतेय तू कुणाचा. आणि मला एकदम माझं आजोळ आठवलं, मालवणकडचं, एसटीतून उतरलं की दुकानाच्या पायरीवरून "कोणाचा गो चेडू तू?" विचारणारी माणसं. तिथे मी चार पिढ्या धडाधड सांगू शकते. नवऱ्याला आजोबांच्या पुढे एक नाव सांगता येईना. आडनाव मॅक्लाउड, एवढंच भांडवल.

त्यानंतर चार वर्षं आम्ही दोघांनी हे शोधलं. आपल्या मराठी माणसांची कितीतरी मुलंबाळं आता कॅनडा, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात आहेत, स्कॉटिश मुळाच्या घरात सुना-जावई होऊन गेलेली आहेत, आणि नातवंडं विचारतात की बाबांकडचं मूळ काय. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितेय. वेळ लागेल, थोडा पैसाही लागेल, पण मिळतं.

आधी क्लॅन म्हणजे काय ते नीट समजून घ्या

गॅलिकमध्ये 'क्लान' म्हणजे मुलंबाळं आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की एक आडनाव म्हणजे एक रक्त, एक मूळपुरुष. तसं नाहीये. क्लॅनमध्ये सरदाराचे भाऊबंद असायचे तसे त्याच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आसऱ्याला आलेले, त्याच्यासाठी लढणारेही असायचे आणि यातल्या खूप जणांनी पुढे सरदाराचंच आडनाव लावलं. आणि उलटंही झालं. मॅकग्रेगर हे नाव १६०३ मध्ये सरकारने बंदच केलं, नाव लावलं तर जिवाशी गाठ, ती बंदी कायमची उठली १७७४ मध्ये. तोपर्यंत मॅकग्रेगरांची घराणीच्या घराणी मरे, ग्रँट, ड्रमंड, कॅम्पबेल अशा नावांनी जगत होती, काहींनी नाव परत घेतलं, काहींनी नाही घेतलं. आता सांगा, आजच्या एखाद्या मरेला आपण आडनावावरून काय सांगणार?

नाव बदलण्याचं एक उदाहरण तर आपल्या ओळखीचं आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याला रेसिडेंट असलेला ग्रँट डफ. तो जन्माचा नुसता जेम्स ग्रँट, बॅन्फचा. घराण्यातली इस्टेट वाट्याला आली म्हणून पुढे डफ जोडलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आडनावावरून क्लॅन ठरवून मग पूर्वज शोधायला जाऊ नका. माणूस शोधा, मग त्याचं गाव शोधा, क्लॅन आपोआप समोर येतो. आम्ही सुरुवातीला उलटं केलं आणि वर्षभर वाया घालवलं, ते पुढे सांगते.

पहिली पायरी घरातच

घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस पकडा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा (विचारून), आणि बोलू द्या. प्रश्न तारखांचे विचारू नका, तारखा कुणाला आठवत नाहीत. कोण कुणाच्या लग्नाला आलं होतं, कोण कुणाशी बोलत नव्हतं, उन्हाळ्यात कुठे राहायला जायचे, असं विचारा. मग कागद. आमच्याकडे आजेसासूबाईंचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, त्यात बटणांखाली घडी घातलेला एक वर्तमानपत्राचा तुकडा निघाला, कुणाच्या तरी मृत्यूची बातमी, आणि त्यात एक ओळ होती की याचे आजोबा हॅरिसहून, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरून आले. आख्ख्या घरात हॅरिस हा शब्द कुणालाच माहीत नव्हता. कौटुंबिक बायबल असेल तर त्याची कोरी पानं बघा, जन्म-मृत्यू तिथेच लिहायचे.

दोन गोष्टी इथेच शिकून घ्या, पुढे फार उपयोगी पडतात.

एक म्हणजे नावं ठेवायची पद्धत. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला खुद्द वडिलांचं. मुलींत पहिलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. सगळीकडे काटेकोर पाळलेलं नसतं, पण इतकं चालायचं की भावंडांची नावं क्रमाने लिहिली की आजी-आजोबांच्या नावांचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच, फक्त जास्त शिस्तीत.

दुसरं म्हणजे गॅलिक नावांची इंग्रजी रूपं. तोरमोडचा कागदावर नॉर्मन होतो, रुअरीचा रॉडरिक, याखनचा हेक्टर. बायकांच्या नावांचे तर फारच हाल, ओइरिक नावाची एकच बाई एका कागदावर एफी, दुसऱ्यावर युफेमिया, तिसऱ्यावर हेन्रिएटा. तीन बायका समजून बसाल. आणि घरात कुणी "इअन रुअरी तोरमोड" असं सलग म्हणत असेल तर ते मधलं नाव वगैरे नाहीये, ती वंशावळ आहे: रुअरीचा मुलगा इअन, रुअरी तोरमोडचा. लगेच लिहून घ्या, सोन्याहून मौल्यवान आहे.

दुसरी पायरी, पूर्वज जिथे उतरला तो देश

सगळ्यांना घाई असते स्कॉटलंडची. थांबा. आधी ज्या देशात माणूस जाऊन राहिला तिथले कागद संपवा, कारण तुम्हाला नुसतं 'स्कॉटलंड' नकोय, पॅरिश हवंय, म्हणजे चर्चचा तो हद्दीतला भाग. 'मॅक्लाउड, स्कॉटलंड' एवढ्यावर काहीही सापडत नाही.

माणसं कुठे कशी गेली याचा अंदाज असला की शोध सोपा जातो. १७४६ च्या १६ एप्रिलला कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे गादीवरून गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे पाठीराखे, हरले, त्यानंतर सरदारांचे न्यायाचे अधिकार कायद्याने काढून घेतले, सरदार हळूहळू नुसते जमीनमालक झाले आणि त्यांना कुळांपेक्षा मेंढ्यांत पैसा दिसायला लागला. मग ती हायलँड क्लिअरन्स, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून कुळांची हकालपट्टी, सदरलंडमध्ये १८१० च्या दशकात तर घरांची छपरं जाळून माणसं बाहेर काढली. काही मात्र त्याआधीच आपणहून निघालेले, नॉर्थ कॅरोलिनात केप फिअरच्या बाजूला १७३९ मध्येच पश्चिम स्कॉटलंडमधल्या आरगाइलचे लोक पोचले होते. १७७३ मध्ये 'हेक्टर' जहाज नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला लागलं, त्यानंतर रीघच लागली. न्यूझीलंडचं डनीडिन १८४८ चं, त्याचं नावच एडिंबराच्या गॅलिक नावावरून घेतलेलं. आणि वायपूची गोष्ट तर ऐकून अंगावर काटा येतो: एका धर्मोपदेशकाच्या मागे माणसं हायलँडमधून नोव्हा स्कोशियाला गेली, तिथे एक-दोन पिढ्या काढल्या, मग स्वतः जहाजं बांधून ऑस्ट्रेलियाला गेली आणि शेवटी १८५० च्या दशकात न्यूझीलंडच्या वायपूला स्थिरावली. म्हणजे तुमच्या न्यूझीलंडच्या पूर्वजाचा जन्म केप ब्रेटनचा निघू शकतो!

कागदांचं म्हणाल तर नोव्हा स्कोशियाच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदी ऑनलाइन आहेत, पण १८७७ ते १९०८ मध्ये जन्म-मृत्यूंचा मोठा खड्डा आहे, लग्नं मात्र १८६४ पासून सलग मिळतात. कॅनडाच्या जहाजांच्या प्रवासी याद्या १८६५ च्या आधीच्या नीट नाहीतच, त्यामुळे 'जहाज सापडत नाही' म्हणून अडून बसू नका. ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह'वर आणि न्यूझीलंडची 'पेपर्स पास्ट'वर फुकट वाचता येतात, मृत्यूच्या बातमीत गावाचं नाव हमखास येतं. आणि थडगी! हायलँडच्या माणसांनी परदेशात जाऊनही दगडावर बेटाचं, गावाचं नाव कोरून ठेवलंय, आणि बायकोचं माहेरचं आडनावसुद्धा.

तिसरी पायरी, स्कॉटलंड्स पीपल

आता पॅरिश हातात आहे असं समजू. स्कॉटलंडच्या सरकारची 'स्कॉटलंड्स पीपल' ही वेबसाइट आहे, अकाउंट फुकट, शोधायलाही बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत, मूळ नोंदीची इमेज उघडायची तर क्रेडिट विकत घ्यावे लागतात. घाईघाईत उघडत सुटू नका, आधी यादी गाळून घ्या.

सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या जुन्या रजिस्टरांत, सगळ्यात जुनं १५५३ चं आहे, पण हायलँड आणि बेटांवर काही ठिकाणी १९ व्या शतकापर्यंत काहीच मिळत नाही. जनगणना १८४१ ते १९२१, दर दहा वर्षांनी. अलीकडच्या नोंदींच्या इमेज ऑनलाइन दिसत नाहीत, जन्माला १०० वर्षं, लग्नाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षं व्हावी लागतात.

स्कॉटिश मृत्यूची नोंद एकदा नीट बघा, मी तर पहिल्यांदा बघून थक्क झाले. एका आडव्या ओळीत माणसाचं नाव, धंदा, कुणाशी लग्न झालेलं, कधी कुठे वारला, वय, आणि मग बापाचं नाव आणि धंदा, आईचं नाव आणि *तिचं माहेरचं आडनाव*. सत्तर वर्षांच्या माणसाच्या मृत्यूच्या कागदावर त्याच्या आईचं माहेर! लग्नाच्या नोंदीतही दोन्हीकडच्या आयांची माहेरची आडनावं. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याची सही, आमच्या कागदावर तिथे एक वाकडा फुलीचा खूण आहे, बाजूला कारकुनाने लिहिलंय की ही याची खूण. त्या फुलीवरून मी स्क्रीनवर बोट फिरवलं होतं.

पण पूर्वज १८५५ च्या आधीच देश सोडून गेला असेल तर? इथे बहुतेक लोक हात टेकतात. इलाज असा की जो गेला त्याला सोडा, जो मागे राहिला त्याला धरा. आमचा पूर्वज नॉर्मन १८२० च्या दशकात गेला, पण त्याची बहीण हॅरिसलाच राहिली आणि १८६० नंतर वारली, तिच्या मृत्यूच्या नोंदीत दोघांच्या आईबापांची नावं आयती मिळाली. भावंडं शोधा, भावंडं.

शोधताना मॅक पूर्ण लिहिलेलं आणि आखूड लिहिलेलं, दोन्ही टाकून बघा, त्यात फरक काहीही नाही, 'अमुक म्हणजे आयरिश आणि तमुक म्हणजे स्कॉटिश' ही निव्वळ अफवा आहे.

आता ती वाया गेलेल्या वर्षाची गोष्ट. आम्हाला हॅरिसला नॉर्मन मॅक्लाउड सापडला, वय जुळलं, बापाचं नाव जॉन जुळलं, आम्ही आनंदाने त्याच्यावरून मागे पाच पिढ्या चढवल्या आणि सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला फ्रेम करून दिलं. नंतर कळलं तो नॉर्मन १८५१ च्या जनगणनेत हॅरिसमध्येच बायकापोरांसकट बसलेला आहे. म्हणजे तो गेलाच नाही! सासरे काही बोलले नाहीत, भिंतीवरून फ्रेम तेवढी काढून ठेवली. तेव्हापासून माझा नियम: त्या पॅरिशमधल्या त्या नावाच्या *सगळ्या* माणसांचा तक्ता करायचा, गाव, बायकोचं माहेरचं आडनाव, मुलांची नावं, आणि एकेकाला पुराव्याने बाद करत जायचं. उरतो तो आपला. कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही.

कागद संपले की

बेटांवर एक फार सुंदर गोष्ट आहे, कोमुन याख्द्री म्हणजे गावोगावच्या इतिहास मंडळ्या. कोणत्या तुकड्यावर, म्हणजे क्रॉफ्टवर, कोण राहायचं, मग कोण आलं, याचे इतिहास स्थानिक लोकांनी तोंडी माहितीवरून गोळा केलेत. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींकडच्या नामावळ्यांसारखंच, फक्त जमिनीच्या हिशोबाने. 'टोबर अन डुअलखिश' या साइटवर जुन्या माणसांचे आवाज, गाणी, गोष्टी फुकट ऐकता येतात, गावाचं नाव टाकून बघाच. शिवाय जमीनमालकांच्या खंडाच्या वह्या असतात, त्या जुन्या काळासाठी कामाच्या, पण वाचायला जड.

डीएनए टेस्टबद्दल लोक मलाच विचारतात म्हणून थोडक्यात. नेहमीची, सगळीकडे जाहिरात होते ती टेस्ट पाच-सहा पिढ्यांपर्यंतचे चुलत-मावस नातेवाईक दाखवते, जिवंत माणसं जोडायला उत्तम. वाय-डीएनए वेगळी, ती बापाकडून मुलाकडे अशी सरळ रेषेत जाते म्हणून आडनावाच्या शोधाला हीच लागते, आणि ती पुरुषालाच करता येते. क्लॅन डोनाल्डने यात मोठं काम केलंय, त्यांच्या सरदार घराण्यांची रेषा १२ व्या शतकातल्या सोमरलेडपर्यंत जाते असं दिसलं, आणि त्याच वेळी असंख्य मॅकडोनाल्डांचा त्या रेषेशी रक्ताचा संबंध नाही हेही दिसलं. मनाची तयारी ठेवा. घरातलं एखादं गुपितही बाहेर येऊ शकतं, म्हणून थोरांना विचारल्याशिवाय नळी भरून पाठवू नका.

क्लॅन सोसायटीला कसं लिहायचं

आता कुठे क्लॅनची वेळ आली. बहुतेक क्लॅनच्या सोसायट्या आहेत, काही फार जुन्या, ग्लासगोची ब्यूकॅनन सोसायटी १७२५ ची. तुमचं आडनाव क्लॅनचं नसेल तरी 'सेप्ट' म्हणजे त्या क्लॅनशी जोडलेल्या आडनावांच्या याद्या असतात, पण त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, एकच आडनाव तीन क्लॅनमध्ये दिसतं. अशा वेळी गाव बघा, ज्याच्या जमिनीवर तुमची माणसं राहिली त्याच्याकडे जा.

पहिल्या मेलमध्ये आख्खा वंशवृक्ष पाठवू नका, सोसायटीत वंशावळ बघणारी माणसं स्वयंसेवक असतात, निवृत्त शिक्षक वगैरे. पाच ओळी पुरे: पूर्वजाचं नाव, अंदाजे जन्मसाल, पॅरिश, बायकोचं माहेर, कधी कुठे गेला. आणि कोणता पुरावा हातात आहे ते. आम्हाला चौथ्या दिवशी उत्तर आलं, ऑस्ट्रेलियातून, त्याच बहिणीच्या वंशातल्या एका बाईंचं! त्यांच्याकडे गेलेल्या भावाबद्दल फक्त "अमेरिकेला गेला" एवढंच होतं. दोनशे वर्षांनी दोन टोकं जुळली, सासरे फोनवर बोलताना रडले.

सुना-जावयांनाही बहुतेक सोसायट्या सभासद करून घेतात, मी स्वतः आहे.

मॅक्लाउडांचं सांगायचं तर स्काय बेटावर डन्व्हेगन किल्ला आहे, तिथे १९५६ पासून दर चार वर्षांनी क्लॅनची पार्लमेंट भरते, जगभरातून माणसं येतात. यामागे डेम फ्लोरा मॅक्लाउड, २८ व्या प्रमुख. ही बाई म्हातारपणी जगभर हिंडली, देशोदेशीच्या मॅक्लाउडांना भेटली, सोसायट्या उभ्या केल्या, १९७६ मध्ये वारली तेव्हा ९८ वर्षांची होती. क्लिअरन्समध्ये विखुरलेल्यांना परत दार उघडून देणारी बाई म्हणून मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

ढाल, बॅज, टार्टन

'तुमच्या घराण्याची ढाल' (कोट ऑफ आर्म्स) म्हणून कॉफीचे मग, फ्रेम, अंगठ्या विकणाऱ्या साइट खूप आहेत. आम्हीही एका दुकानातून महागडी फ्रेम घेतली होती. स्कॉटलंडच्या कायद्यात आडनावाला ढाल नसतेच, ढाल एका माणसाची असते, लॉर्ड लायन या ढालींच्या सरकारी अधिकाऱ्याच्या कोर्टात नोंदवलेली, १६७२ पासून त्याचं रजिस्टर आहे. दुसऱ्याची ढाल स्वतःची म्हणून लावणं तिथे गुन्हा आहे. सर्वसामान्य सभासदाने लावायचा तो बॅज, प्रमुखाचं चिन्ह आणि भोवती बकल लावलेला पट्टा, त्यावर ब्रीदवाक्य. पट्ट्यासकट असेल तरच लावा.

टार्टनला, म्हणजे त्या रंगीत चौकड्यांच्या कापडाला, असा कायदा नाही, कुणीही कोणताही घालू शकतो. आजचे बरेचसे क्लॅन टार्टन १९ व्या शतकात ठरलेत, १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हापासून ती हौस वाढली, म्हणून "कलोडनला आमचे हेच घालून लढले" असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि पुढे चला. नमुना खरा कोणता ते सरकारच्या टार्टन रजिस्टरमध्ये ऑनलाइन बघता येतं.

माणसांना भेटा

हायलँड गेम्सला, म्हणजे स्कॉटिश खेळांच्या मेळाव्यांना जा. नोव्हा स्कोशियात अँटिगोनिशला १८६३ पासून होतात, नॉर्थ कॅरोलिनात ग्रँडफादर माउंटनला जुलैमध्ये, वायपूला १८७१ पासून, आणि स्कॉटलंडमध्ये ब्रेमारला सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी. मोठ्या मेळाव्यांत क्लॅनचे तंबू लागलेले असतात, सकाळी लवकर जा, दुपारी पाइप बँडच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. एका कागदावर आपली चार पिढ्यांची साखळी आणि पॅरिश लिहून न्या.

मुंबई-पुण्यातल्या कुणाच्या घरात मॅक आडनावाचा पणजोबा असेल तर त्यांनाही रस्ता आहे. मुंबईच्या चर्चमधल्या जुन्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत, मुंबई इलाख्याची मालिका एन ३. ब्रिटिश काळातल्या भारतातली घराणी शोधणाऱ्या 'फिबिस' या संस्थेच्या साइटवर नावं फुकट शोधता येतात. काळा घोड्याजवळचं १८१९ चं सेंट अँड्र्यूज चर्च तर स्कॉटिश मंडळींचंच.

आणि मग जायचं

जाण्याआधी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या साइटवर १९ व्या शतकातला सहा इंची सर्व्हे नकाशा उघडा, फुकट आहे. त्यावर आता ओसाड असलेल्या वाड्यांतली एकेक घरं दिसतात. आजच्या नकाशाशी ताडून ठिकाण फोनमध्ये घालून ठेवा. रविवार मोकळा सोडा, हॅरिस-लुइसला रविवारी बरंचसं बंद असतं. छोटी केंद्रं कधी उघडी ते आधी मेल करून विचारा.

आम्ही मे महिन्यात गेलो. हॅरिसचा पश्चिम किनारा, पांढरी वाळू, मऊ गवत, आमची माणसं तिथली. तिथून त्यांना हाकलून पूर्वेच्या खडकाळ बाजूला ढकललं, इतका खडक की प्रेत पुरायला माती नाही, मयत डोंगर ओलांडून पश्चिमेला आणायचे, ती वाट अजून आहे. रोडलच्या चर्चमध्ये १५२८ ची काळ्या दगडाची मॅक्लाउड प्रमुखाची समाधी बघितली, पण सासरे तिथे फारसे रमले नाहीत. नकाशावरच्या आमच्या वाडीत गेलो तर गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, आत नेटल्सची खाजरी झुडपं माजलेली, दाराच्या जागी एक आडवा दगड. सासरे त्या दगडावर बसून राहिले, आम्ही डबा तिथेच खाल्ला.

संध्याकाळी नॉर्थटन गावात शालम नावाच्या केंद्रात गेलो, तिथे वंशावळींचं संशोधन केंद्र आहे. त्याचं नाव वाचलं आणि मी नवऱ्याचा हात धरला. को लेश हू. आतल्या माणसाने वर बघितलं, सासऱ्यांनी टोपी काढली आणि हळूहळू, एकेक नाव नीट उच्चारत, पाच पिढ्या सांगितल्या. तो माणूस उठला, मागच्या कपाटातून एक फाइल काढली आणि म्हणाला, बसा, तुमच्या क्रॉफ्टचा नंबर मला माहीत आहे.